रेव्ह. नारायण वामन टिळक : प्रीति आणि भक्ति

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतून खालीं उतरून शिरवळापाशीं नीरा ओलांडली कीं सातारा जिल्हा लागतो. त्या सातारा शहरांत १९१७ सालीं पंचावन्नीच्या घरांतला एक कवि मिशनचा पगार सोडून येऊन राहिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूचे भक्त एकत्र करून त्यांनीं एक मंडळ काढलें व त्याला ‘देवाचा दरबार’ असें नांव दिलें. हे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचीं गीतें आमच्या बहुतेक वाचकांच्या तोंडीं आहेत. परंतु त्यांच्या घरांत काय घडलें हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आपल्या माणसांना मागें ठेवून ज्याला मंडळींत यावें लागलें, त्याला ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

माणसावरील प्रीति आणि देवावरील प्रीति एकाच हृदयांत कशा नांदाव्या, हा प्रश्न भक्तकवींना नवा नाहीं. चारशें वर्षांमागें इंग्लंडांत, ज्यांना मेटाफिजिकल कवि म्हणतात त्यांनाही तो पडला होता. त्यांपैकीं जॉन डन यांनीं १६०१ सालीं ॲन मोर हिच्याशीं गुप्तपणें लग्न केलें. त्यापायीं त्यांची मोठी नोकरी गेली व कांहीं दिवस तुरुंगही भोगावा लागला. १६१५ मध्यें ते पाळक झाले, आणि दोनच वर्षांनीं बाराव्या बाळंतपणांत ती पत्नी वारली. पुढें ते देवाशीं बोलूं लागले तेव्हांही भाषा बरीचशी प्रियकराचीच राहिली. दुसरे जॉर्ज हर्बर्ट. केंब्रिज विद्यापीठांतला मान सोडून ते १६३० सालीं बेमर्टन या लहान खेड्याचे पाळक झाले आणि १६३३ मध्यें वारले. डन यांनीं प्रीतीसाठीं पोटापाण्याची वाट गमाविली. टिळकांपुढें याच्या उलट प्रसंग आला : श्रद्धेसाठीं घर जाण्याची पाळी.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं, चित्पावन ब्राह्मण कुळांत, १८६१ सालीं झाला. आई जानकीबाई लहानपणींच गेली. वडिलांचा स्वभाव कडक होता, आणि आईच्या मायेची ती उणीव त्यांना जन्मभर भासली असें आम्हांस वाटतें. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृत विद्या मिळविली. जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशीं त्यांचें लग्न झालें, तेव्हां ती अवघी अकरा वर्षांची होती. सासरीं तिचें नांव लक्ष्मी झालें. तिच्या माहेरीं सोवळ्याओवळ्याचें इतकें कडक बंड होतें कीं, बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत येत नसे.

टिळक संसाराला सोयीचे गृहस्थ नव्हते, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. नोकरी धरावी आणि सोडावी, रागवावें आणि क्षणांत विरघळावें, हातांतला पैसा मागणाऱ्यास देऊन रिकाम्या हातानें घरीं यावें, असा त्यांचा क्रम होता. या सर्वांची झळ लक्ष्मीबाईंस लागे. तरीही दोघांचा परस्परांवर जीव होता, आणि कवितेंतही टिळकांनीं पत्नीवरील प्रेम लपविलें नाहीं. त्या काळीं पुरुषांनीं असें लिहिणें विरळाच.

१८९३ सालीं राजनांदगांवाकडे जातांना आगगाडींत एका मिशनरी साहेबांची गांठ पडली. त्यांनीं टिळकांना नवा करार वाचावयास दिला. डोंगरावरील प्रवचन वाचतांना टिळकांच्या मनांतील प्रश्न सुटूं लागले. तथापि निर्णयास दोन वर्षें गेलीं. जातील कीर्ति, आप्त, पोटाची सोय आणि पत्नी, एवढें सर्व तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत होतें. १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईंत, स्वतःच्या इच्छेप्रमाणें एका हिंदी पाळकाच्या हातून, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई त्या वेळीं जवळ नव्हत्या. बातमी माहेरच्या घरावर वज्रासारखी कोसळली. नवरा जिवंत, कपाळीं कुंकू, आणि घर मात्र नाहीं, अशी त्यांची दशा झाली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास राहिल्या, कांहीं काळ पंढरपुरांतही. त्या दिवसांचें दुःख पुढें त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. तें वाचतांना टिळकांचा निर्णय ज्यांना मान्य आहे त्यांचाही गळा दाटून येतो.

आतां एक गोष्ट लक्षांत घ्या. १८६६ सालच्या कायद्यानें अशा नवख्रिस्ती पतीस एक वाट उघडी ठेवली होती. धर्मांतरामुळें पत्नी येत नसेल तर न्यायालयांत जावें, आणि ठरलेली मुदत संपल्यावर लग्नाचें बंधन तोडून घ्यावें. टिळक त्या वाटेला गेले नाहींत. ते पत्रें लिहीत राहिले व वाट पाहत राहिले. चार वर्षांहून अधिक काळ असा गेला.

अखेर लक्ष्मीबाई आल्या, पण त्या ख्रिस्ती होऊन आल्या नव्हत्या. आपला स्वयंपाक व पाणी निराळें ठेवून त्या पतीबरोबर राहूं लागल्या, आणि टिळकांनीं तें सोसलें. रागीट माणसाला ही गोष्ट सोपी गेली नसेल. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, याचा विचार लक्ष्मीबाईंनीं स्वतःशींच केला. मनाचा निश्चय झाला तेव्हां आपलें सोवळें त्यांनीं आपल्याच हातानें सोडलें. १९०० सालीं राहुरी येथें त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला.

पुढचा काळ आम्ही थोडक्यांत सांगतों. टिळकांनीं अहमदनगर येथें ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस शिकविलें. १९०४ मध्यें त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांजकडे होतें. बालकवि ठोंबरे नगरास त्यांच्या घरीं मुलासारखे राहिले. या सर्व वर्षांत टिळकांनीं अभंग व पदें लिहिलीं. तोंवर पुष्कळ ख्रिस्ती गीतें इंग्रजी चालीवर बसविलेलीं असत, तीं खेड्यांतल्या माणसाच्या जिभेवर वळत नसत. टिळकांनीं टाळ-मृदंगाची चाल आणली. तुकोबांच्या वाणीनेंच आपणांस ख्रिस्तापाशीं पोंचविलें हें ते उघड कबूल करीत.

आणि येथें ते इंग्रज कवींपासून वेगळे पडतात. डन यांच्या लेखणींत देव बहुधा प्रियकर होऊन येतो. हर्बर्ट यांच्या घरीं तो मित्र किंवा यजमान असतो. टिळकांनीं ख्रिस्ताला आई म्हटलें. वारकऱ्याला विठ्ठल ही माउली, म्हणून मराठी कानाला हें नवल वाटत नाहीं. पण आम्हांस वाटतें कीं, लहानपणीं गेलेली जानकीबाईही त्या हाकेंत असावी, आणि पत्नीची वाट पाहत काढलेलीं तीं वर्षेंही असावींत. देव आपली किती वाट पाहतो हें ज्याला लिहावयाचें, त्यानें स्वतः कोणाची तरी वाट पाहिलेली बरी.

१९०९ सालीं टिळकांनीं ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें. आरंभींचे थोडे अध्याय झाले, आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचा अंत झाला. ग्रंथ अपुरा राहिला. तो लक्ष्मीबाईंनीं पुढें नेला. शाळेंत न गेलेल्या आणि एके काळीं ख्रिस्ताचें नांव ऐकतांच रडणाऱ्या त्या बाईनें चौसष्ट अध्याय लिहिले. आपल्या आठवणीही त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या नांवानें लिहिल्या, आणि त्या १९३४ पासून छापून येऊं लागल्या. १९३६ सालीं त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याचे एकंदर शहात्तर अध्याय असून शेवटचा देवदत्त टिळकांचा आहे. आईनें पंढरपुरास नेलेला दत्तू तो हाच.