विजेची पेटी घेऊन फिरणारे डॉक्टर

फॅरेडे, अँपिअर, व्होल्टा ही नावं आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. पण फॅरेडेचा शोध उचलून थेट माणसाच्या दंडावर, पाठीवर आणि चेहऱ्यावर नेणारे एक फ्रेंच डॉक्टर होते. त्यांचं नाव आपल्या अभ्यासक्रमात कुठे येत नाही. गियोम ड्युशेन! मेडिकलच्या मुलांना हे नाव एका आजारामुळे माहीत असतं. आपल्याला ते कॉईलमुळे माहीत असायला हवं असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

ड्युशेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १८०६ चा, उत्तर फ्रान्समधल्या बुलोन या बंदराच्या गावचा. घराणं दर्यावर्दी, वडील जहाजाचे कप्तान. मुलानंही समुद्रावर जावं ही घरची इच्छा, पण याला सायन्सची ओढ. पॅरिसला शिकून १८३१ मध्ये ते डॉक्टर झाले आणि गावी परतून त्यांनी प्रॅक्टिस सुरू केली. लग्नही झालं. पण १८३३ मध्ये बाळंतपणानंतरच्या तापानं बायको गेली. बाळंतपण ड्युशेन यांनी स्वतःच केलं होतं. सासरच्यांनी त्यांनाच बोल लावला, गावात कुजबुज सुरू झाली. तान्हा मुलगा आजोळी गेला, तो पुढे कित्येक वर्षं त्यांना दुरावला.

या दिवसांतच त्यांना वीज भेटली. त्या काळी दुखण्यावर शरीरात सुया टोचून त्यातून करंट द्यायची एक पद्धत होती. १८३५ च्या सुमारास ड्युशेन ती वापरू लागले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की करंट दिला की आसपासचा स्नायू आखडतो. दुसरा कोणी असता तर उपचार करून मोकळा झाला असता. यांच्या डोक्यात मात्र प्रश्न बसला, की हवा तो एकच स्नायू, आणि तोही सुई न टोचता, हलवता येईल का?

१८४२ मध्ये ते पॅरिसला आले. फॅरेडेचा इंडक्शनचा शोध १८३१ चा, म्हणजे ताजाच होता. बॅटरी, कॉईल आणि करंट चालू-बंद करणारा इंटरप्टर बसवलेली एक पेटी त्यांनी तयार केली. करंट कमी-जास्त करायची सोयही त्यात होती. मग त्यांना खरी किल्ली सापडली. इलेक्ट्रोड कोरडे असले तर करंटचा परिणाम वरच्या त्वचेवरच राहतो, ओले करून नीट दाबले तर तो आत स्नायूपर्यंत पोचतो. यासाठी ना सुई लागते, ना रक्त निघतं. मज्जातंतूंच्या दुखण्यावर त्यांनी त्वचेला करंट देऊन उपचारही केले. १८५५ मध्ये या सगळ्यावर त्यांचं मोठं पुस्तक आलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा सगळा रेझिस्टन्सचा खेळ! कोरड्या त्वचेचा रेझिस्टन्स लाखभर ओहमपर्यंत असू शकतो, ती ओली झाली की हजाराच्या आसपास उतरतो. माझी साताऱ्याची आजी ओहमचा नियम शिकलेली नाही, पण ओल्या हातानं बटण लावू नका म्हणून ती आम्हाला जन्मभर ओरडत आली. ती मागे कंबरेच्या दुखण्यासाठी सांगलीला आमच्याकडे राहिली होती. कमरेतून पायापर्यंत कळ जायची, रात्री झोप नाही. फिजिओथेरपीच्या ताईंनी पाठीवर चिकट जेलच्या पट्ट्या लावून छोटं मशीन सुरू केलं, तेव्हा आजी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. स्वतःच जे करू नका म्हणायची, तेच तिच्या पाठीवर चाललं होतं ना! मुंग्या आल्यासारखं होतंय म्हणाली, आणि थोड्या वेळानं चक्क डोळा लागला. दुखणं दुसऱ्या दिवशी परत आलं, पण तेवढी झोप तिला हवीच होती. ते जेल बघितलं आणि मला ड्युशेन यांच्या ओल्या इलेक्ट्रोडचं महत्त्व पटलं.

या मशीनला टेन्स म्हणतात, पूर्ण नाव ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन. ते ड्युशेन यांनी शोधलेलं नाही. त्यासाठी आणखी शंभर वर्षं जावी लागली. आपल्याला ठेच लागली की आपण तिथे चोळतो आणि बरं वाटतं. का? १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी याचं उत्तर मांडलं. स्पर्शाचा संदेश जाड मज्जातंतूंमधून जातो, दुखण्याचा बारीक तंतूंमधून, आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. जाड तंतूंची गर्दी झाली की दुखण्याला वाट कमी मिळते. वॉल आणि स्वीट यांनी हे करंट देऊन आधी स्वतःवर आणि मग पेशंटवर तपासलं, त्यांचा पेपर १९६७ चा. टेन्स हेच करतं. बॅटरीवर चालतं, करंट मिलिअँपिअरमध्ये, आणि साधारण सेकंदाला ८० ते १०० पल्स असं सेटिंग जास्त वापरतात.

पुन्हा ड्युशेन यांच्याकडे येऊ. पॅरिसमध्ये त्यांना ना प्रोफेसरकी मिळाली, ना हॉस्पिटलची पक्की जागा. ते आपली पेटी घेऊन या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात जायचे आणि वॉर्डांत पेशंट तपासत बसायचे. सुरुवातीला लोक हसले. पण एकेक पेशंट ते वर्षानुवर्षं बघत राहिले. चेहऱ्याला स्पर्शच कळत नाही अशा एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर करंट देऊन त्यांनी हसणं, रडणं, भीती यांचे फोटो काढले. डोळ्यांभोवतीचा स्नायू हलल्याशिवाय हसू खरं नसतं, हे त्यांनी १८६२ च्या पुस्तकात दाखवलं. पुढे डार्विननं हे फोटो १८७२ मध्ये स्वतःच्या पुस्तकात वापरले.

१८६८ मध्ये त्यांनी तेरा मुलांच्या केसेस मांडल्या. या मुलांच्या पोटऱ्या फुगलेल्या दिसत, पण अंगातली ताकद दिवसेंदिवस कमी होत जाई. स्नायूचा बारीकसा तुकडा काढायला त्यांनी स्वतःच एक हत्यार बनवलं होतं. त्या आजाराला आज ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात. त्यांच्या पेटीनं ही मुलं बरी झाली नाहीत, आणि पूर्ण बरं करणारा उपाय अजूनही नाही. दुरावलेला मुलगा मोठेपणी डॉक्टर होऊन त्यांच्याकडे परत आला, पण टायफॉइडनं तोही त्यांच्या आधी गेला. १५ सप्टेंबर १८७५ ला, ६९ वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, ड्युशेन वारले. तोवर शार्कोसारखे मोठे डॉक्टर त्यांना गुरू मानत होते.

आज टेन्सची मशीनं दुकानात सहज मिळतात. म्हणून एक सांगते, घरच्या कुणासाठी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. पेसमेकर असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. टेन्सचा गुण कुणाला येतो, कुणाला येत नाही, आणि अभ्यासकांचंही त्यावर एकमत नाही. दुखणं थोडा वेळ दबलं म्हणजे दुखण्याचं कारण गेलं असं होत नाही.

ड्युशेन मशीन लावून थांबले नाहीत, एकेक पेशंट ते वर्षानुवर्षं बघत राहिले. आपण उद्या मशीनं बनवणारे होणार आहोत. सर्किट तर आपल्याला जमेलच, पण ते ज्याच्या पाठीवर लावायचं त्याच्याजवळ बसून बघायलाही जमलं पाहिजे.