लोणीचे विठ्ठलराव

प्रवरा नदीच्या खोऱ्यात लोणी नावाचे गाव आहे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हा प्रदेश मूळचा अवर्षणाचा. पाऊस आला तर बाजरी, न आला तर तीही नाही, अशी तेथील शेतकऱ्यांची स्थिती होती. या गावी एका शेतकरी कुटुंबात नारळी पौर्णिमेच्या दिवशी विठ्ठल एकनाथराव विखे पाटील यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक शाळेतच आटोपले. पुढचे सारे शिक्षण त्यांना शेताच्या बांधावर आणि गावच्या चावडीत मिळाले.

त्या काळी शेतकऱ्याच्या मानेवर दोन जोखडे असत. एक बैलांबरोबर त्याने स्वतःहून वाहिलेले कष्टाचे, आणि दुसरे सावकाराचे. बी-बियाणे हवे, बैल घ्यावयाचा, मुलीचे लग्न करावयाचे, की शेतकरी सावकाराच्या ओसरीवर जाऊन उभा राही. कागदावर अंगठा उठे. पीक खळ्यावर आले म्हणजे त्यातील मोठा वाटा व्याजापोटी जाई आणि मुद्दल जेथल्या तेथे राही. असे करता करता एके दिवशी जमीनच सावकाराच्या नावावर चढे. तरुण विठ्ठलरावांनी हे उघड्या डोळ्यांनी पाहिले. सावकाराला शिव्याशाप देऊन हे दुखणे बरे होणारे नव्हते. अडीनडीला पैसा मिळण्याची दुसरी जागा हवी होती. म्हणून १९२३ साली त्यांनी गावकऱ्यांना एकत्र करून लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी स्थापन केली. सभासदांनी थोडे थोडे पैसे एकत्र करावयाचे आणि ज्याला गरज असेल त्याला माफक व्याजाने द्यावयाचे, असा तिचा साधा व्यवहार होता. तथापि या साध्या व्यवहारासाठी एक गोष्ट फार लागे, ती म्हणजे परस्परांचा विश्वास.

याच सुमारास प्रवरेचे रूप पालटत होते. भंडारदरा येथे बांधलेले धरण १९२६ साली पुरे झाले आणि कालव्यांचे पाणी कोरड्या रानांत खेळू लागले. बाजरीच्या जागी ऊस डुलू लागला. पण पाणी आले म्हणून सुख आलेच असे नाही. उसाला खर्च फार. तो वर्षभर, कधी दीड वर्ष रानात उभा असतो. तोवर खत, पाणीपट्टी, मजुरी यांसाठी पैसा ओतावा लागतो. त्याचा गूळ करून पेठेत न्यावा, तर भाव व्यापाऱ्यांच्या हाती. गूळ स्वस्त झाला की बागाईतदार जिराईतवाल्याहूनही अधिक कर्जात बुडे. दुसरीकडे खासगी कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन तेथे ऊस पिकवीत आणि आपल्या कारखान्यांत साखर करीत. ज्याची जमीन, तो मात्र खंडाच्या चार पैशांवर समाधान मानी.

१९४५ साली बेलापूर येथे बागाईतदारांची परिषद भरली. नामवंत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे तिचे अध्यक्ष होते. ऊस पिकविणाऱ्यांनीच सहकारी तत्त्वावर साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. विचार अनेकांना पटला, परंतु तो अंगावर घेण्याची तयारी थोड्यांचीच होती. विठ्ठलरावांनी तो अंगावर घेतला.

कारखान्यासाठी लक्षावधी रुपये हवे होते. सरकारकडून आणि वित्तसंस्थांकडून साहाय्य मिळू शकत होते, पण आधी शेतकऱ्यांनी आपला वाटा उचलावयास हवा होता. विठ्ठलराव गावोगाव हिंडू लागले. लोकांच्या मनात शंका होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. शेतकऱ्याने कधी साखरेचा कारखाना चालविला आहे काय? यंत्रे बंद पडली तर? पैसे बुडाले तर? आधीच कर्जाने वाकलेल्या माणसाकडे भाग घेण्यासाठी पैसे मागणे ही सोपी गोष्ट नव्हती. कारखाना फसला असता तर पैशांबरोबर विठ्ठलरावांचा शब्दही बुडाला असता, आणि खेड्यात राहणाऱ्या माणसाला रोज त्याच लोकांत वावरावयाचे असते. तरीही ते मागे हटले नाहीत. लोकांनी अखेर भाग घेतले ते कारखान्याचे गणित उमगले म्हणून थोडे, आणि पतपेढीपासून पारखलेल्या माणसावर भरवसा होता म्हणून अधिक.

गाडगीळांचे ज्ञान आणि त्या वेळच्या मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठलाल मेहता यांचे पाठबळ या कामी मोलाचे ठरले. १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळच्या माळावर उसाचे पहिले गाळप झाले. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय. तोडलेला ऊस वाळू लागला की त्यातील साखर घटते. म्हणून कोणाच्या रानात तोड केव्हा पडावी हे ठरविणे फार महत्त्वाचे असते. हा निर्णय आता दूरच्या मालकाच्या नव्हे, तर सभासदांच्याच संस्थेच्या हाती आला. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांकडे होते. स्वतः खपून उभारलेल्या संस्थेत मानाची खुर्ची जाणत्या माणसाला देणे विठ्ठलरावांना योग्य वाटले, हे विशेष होय. अशी उदाहरणे पुढे फारशी दिसली नाहीत.

माळाचे प्रवरानगर झाले. १९६१ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू तेथे येऊन गेले, आणि त्याच वर्षी भारत सरकारने विठ्ठलरावांना पद्मश्री देऊन गौरविले. १९६४ साली प्रवरानगरला निवासी शाळा सुरू झाली. स्वतः चार बुके शिकलेल्या या शेतकऱ्याला खेड्यातील मुलांच्या शिक्षणाची ओढ मोठी होती. पुढे आजाऱ्यांसाठी रुग्णालयही उभे राहिले. तोवर बड्या दुखण्यासाठी नगर किंवा पुणे गाठावे लागे.

२७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलराव निवर्तले. कारखान्याला आता त्यांचे नाव आहे. हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने भरलेल्या गाड्या लोणीच्या रस्त्याने त्याच्या फाटकाकडे जाऊ लागतात, आणि नारळी पौर्णिमेला त्यांच्या जन्मदिवसानिमित्त शेतकरी दिन पाळला जातो.