वाळूवरील वाद आणि कोठारातील धान्य

इसवी सन १८५७ च्या जानेवारीत मुंबईच्या बॅकबेच्या वाळूत दर आठवड्यास एक सभा भरू लागली. एका बाजूस ख्रिस्ती मिशनरी, दुसऱ्या बाजूस भगवी वस्त्रे नेसलेला एकतिशीचा एक कोकणी ब्राह्मण, आणि भोवती श्रोत्यांची दाटी. ईश्वराचे स्वरूप काय, एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटते, वेदांस प्रमाण का मानावे, असे प्रश्न उघड्यावर विचारले जात आणि उत्तरेही उघड्यावरच दिली जात. मे महिन्यात या सभा थांबल्या. त्याच महिन्यात तिकडे मेरठेस शिपाई उठले होते.

हा ब्राह्मण म्हणजे विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी. जन्म १८२५ चा, कुलाबा जिल्ह्यातील शिरवली गावचा. वडील लहानपणीच वारले. शिक्षण बेताचेच झाले. दुकानात उमेदवारी केली, पुढे सरकारी जकात खात्यात नोकरी धरली, आणि ऐन तारुण्यात तीही सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरावर साधनेस गेले. तेथून उतरले ते व्याख्याते होऊनच. इंग्रजी विद्येचा स्पर्श त्यांस नव्हता आणि काशीच्या पंडितांची परंपराही त्यांच्या पाठीशी नव्हती. जे होते ते स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास आणि मराठी भाषेवरील हुकमत.

समोरचा प्रतिपक्षही सामान्य नव्हता. जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी मिशनचे वेतन नाकारून मुंबईत अत्यंत गरिबीत राहत. या वादांची इंग्रजी हकीकत त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. दोन्ही पक्षांस आपणच जिंकलो असे वाटले, यात नवल नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. राज्यकर्त्यांच्या धर्माचे प्रचारक आणि प्रजेतील एक फकीर माणूस बरोबरीने उभे राहिले व एकमेकांस उत्तर देणे भाग आहे असे मानून बोलले. गोमंतकातील वाचकांस याचे मोल वेगळे सांगावयास नको. आपल्याकडील इन्क्विझिशन कायमचे उठले ते १८१२ साली; म्हणजे त्या सभांच्या अवघी पंचेचाळीस वर्षे आधी.

१८५९ मध्ये त्यांचा ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ निघाला. वेदांत सर्व ज्ञान आहे, हा त्यांचा आग्रह आज आम्हांस पटत नाही; अर्थ सोयीप्रमाणे लावण्याची खोड त्यात स्पष्ट दिसते. परंतु त्याच आग्रहातून ते जेथे पोचले ते पाहून सनातनी मंडळींस घाम फुटला असला पाहिजे. वर्ण जन्माने नव्हे, गुणकर्माने ठरतो. विवाह प्रौढ वयात व परस्परांच्या पसंतीने व्हावा. विधवेस पुनर्विवाहाचा अधिकार आहे. परधर्मात गेलेल्यास परत घेता येते. मिशनऱ्यांशी लढणारा म्हणून ज्यांनी त्यांस डोक्यावर घेतले, त्यांना ही औषधे कडूच लागणार.

मात्र खरी कडू मात्रा आठ वर्षांनी आली. १८६७ साली बुवांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. आकाराने लहान, पण आशयाने विलक्षण. सर्व प्रजा हे एक कुटुंब आणि राजा त्याचा कर्ता. जमीन सर्वांची, सर्वांनी मिळून ती कसावी. पिकलेले धान्य गावच्या कोठारात भरावे आणि तेथून ज्यास जितके लागेल तितके त्याने न्यावे. वस्त्रांचीही व्यवस्था तशीच. मूल पाच वर्षांचे झाले की ते राजाच्या स्वाधीन करावे, त्यास शिक्षण द्यावे आणि त्याचा कल पाहून काम नेमून द्यावे. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा पहिला खंड जर्मन भाषेत निघाला तो याच वर्षी. बुवांस त्याची वार्ताही असण्याचे कारण नव्हते. म्हणून त्यांस आद्य साम्यवादी म्हणून मिरवणे आम्हांस फारसे रुचत नाही. त्यांचा मार्ग अगदी घरचा आहे. सर्वांभूती एकच आत्मा असेल, तर माझे शेत आणि तुझे शेत हा भेद कोठून आला, एवढाच त्यांचा सवाल. अद्वैत आम्ही शेकडो वर्षे कीर्तनात ऐकत आलो. ते सातबाऱ्यापर्यंत नेण्याचे धाडस या एका माणसाने केले.

सामाईक जमीन आमच्या गावकरीच्या प्रदेशास अपरिचित नाही. पण गावकरीत हक्क वंशपरंपरेने गावकऱ्याचाच. त्याच गावात राबणारा कूळ वा मुंडकार बाहेरच राहिला. बुवांच्या कोठारास असे कुंपण नव्हते.

दोष आहे तो दुसरीकडे. कोठाराची किल्ली राजाच्या हाती दिल्यावर राजास कोणी आवरावे, याचे उत्तर निबंधात नाही. राजा पित्यासारखा वागेल असे ते गृहीत धरतात. १९३० नंतरच्या काही वर्षांत रशियात शेते सामुदायिक झाली, धान्य सरकारी कोठारात गेले आणि युक्रेनमधील शेतकरी लाखांनी उपाशी मेले. हे ठाऊक असणाऱ्यास ते गृहीत भाबडे वाटेल. असाच प्रश्न भर सभेत कोणी बुवांस घातला असता, तर ते डगमगले नसते आणि निबंधही अधिक खंबीर झाला असता, असे आम्हांस वाटते. कॅप्टन फेल्प्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने तो इंग्रजीत आणविला, १८६९ मध्ये. परंतु त्यासाठी वाळूत माणसे जमली नाहीत. स्वर्ग कोणाचा, यावर आठवड्यांमागून आठवडे भांडणारे लोक धान्य कोणाचे, या प्रश्नापाशी येऊन गप्प बसले.

१८ फेब्रुवारी १८७१ रोजी विष्णुबुवा मुंबईत वारले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. पुढल्याच वर्षी त्यांच्या नावावर मराठीत एक पुस्तक छापून निघाले. त्यात होते समुद्रकिनाऱ्यावरील वाद.