डॉ. जेम्स नेस्मिथ

बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडांत झाला. बालपणींच मातापितरें विषमज्वरानें निवर्तलीं व मामानें त्यांचा सांभाळ केला. माँट्रिअल येथें धर्मशास्त्राचें अध्ययन करून ते १८९० सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षणशाळेंत आले.

तेथें हिंवाळ्यांत मैदानें बर्फाखालीं जात. आपलीं आषाढांत पाण्याखालीं जातात तशींच! दालनांतील त्याच त्या कवायतीला एक वर्ग इतका विटला कीं, दोन शिक्षकांनीं हात टेकले. तेव्हां विभागप्रमुख गुलिक यांनीं नेस्मिथांना नवा खेळ शोधण्यास चौदा दिवस दिले. नेस्मिथांनीं विचार केला तो असा: फुटबॉलमध्यें गडी अंगावर झेप घेतात ती चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडविण्यासाठीं, तर मग पळण्याचीच मनाई करावी. लक्ष्य समोर असलें कीं चेंडू जोरानें मारला जातो; तें डोक्यावर आडवें टांगलें म्हणजे तो हलकेच, कमानीसारखा फेकावा लागतो. शाळेच्या शिपायानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणल्या. त्या दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहून लावले आणि डिसेंबर १८९१ मध्यें नऊ-नऊ गडी खेळले. एकच गोल झाला. टोपल्यांना बूड होतें; चेंडू वरून काढावा लागे!

पुढें वैद्यकाची पदवी घेऊन १८९८ सालीं ते कॅन्सस विद्यापीठांत आले व तेथील संघाचे पहिले मार्गदर्शक झाले. १९०७ पर्यंत त्यांच्या संघानें ५५ सामने जिंकले, ६० गमावले. जयापेक्षां पराजय अधिक असलेला त्या विद्यापीठाचा मार्गदर्शक हा एकच. हा खेळ खेळावयाचा, शिकवावयाचा नव्हे, असें त्यांचें मत होतें. येथें गुरूचें चुकलें असेंच म्हणावें लागेल. कारण त्यांचाच शिष्य फॉरेस्ट ॲलन यानें त्या शिकवणीचें शास्त्र बनविलें, व १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें या खेळाला स्थान मिळालें तें बरेंचसें त्याच्याच खटपटीनें. अंतिम सामना उघड्यावर, पावसाच्या चिखलांत झाला. अमेरिकेनें कॅनडाला १९–८ असें हरविलें. पदकें नेस्मिथांच्या हस्तें दिलीं गेलीं. त्याच बर्लिनमध्यें अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक आपली हुतूतू दाखवीत होतें, हें येथें सांगितलेंच पाहिजे.

त्या काळीं कॅन्ससच्या संघांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नसे. जॉन मॅक्लेंडन हा त्यांपैकींच एक. वृद्ध नेस्मिथांनीं त्याला हाताशीं धरून व्यायामशिक्षणाच्या मार्गाला लावलें. १९३६ सालीं तो पदवीधर झाला. ता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं नेस्मिथ वारले. ज्याला स्वतःच्या विद्यापीठाकडून एकही सामना खेळतां आला नाहीं, त्या मॅक्लेंडननें टेनेसी प्रांतांतील एका कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला १९५७, १९५८ व १९५९ अशीं लागोपाठ तीन वर्षें राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेंत अजिंक्यपद मिळवून दिलें.