डॉक्टरकी अर्धवट सोडलेल्या जॉन मरेने समुद्रात गायब होणाऱ्या शिंपल्यांचं कोडं सोडवलं

समुद्रात रोज असंख्य बारीक जीव मरतात. त्यांची कवचं असतात कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे अंड्याचं टरफल ज्याचं असतं त्याचीच. ती तळाशी साचत असणार, असं आपल्याला वाटतं. पण समुद्राच्या खूप खोल भागात ती सापडतच नाहीत.

मग जातात कुठं?

या कोड्यामागे लागलेला माणूस म्हणजे जॉन मरे.

जन्म १८४१ चा, कॅनडातला. आईवडील स्कॉटिश. सतराव्या वर्षी तो स्कॉटलंडला आला, एडिंबरोत डॉक्टरकी शिकला, पण पदवी काही घेतली नाही. १८६८ मध्ये व्हेलच्या शिकारीला निघालेल्या जहाजावर डॉक्टर म्हणून चढला आणि थेट आर्क्टिक गाठलं.

१८७२ मध्ये ब्रिटनचं 'चॅलेंजर' जहाज जगभरचे समुद्र तपासायला निघालं. मरे त्यावर होता. साडेतीन वर्षांत जहाज सुमारे १ लाख २७ हजार किलोमीटर फिरलं. मरे वरच्या पाण्यात जाळं टाकून जीव पकडायचा आणि तळाचा गाळ काढून दोन्ही ताडून बघायचा.

वरच्या पाण्यातल्या जीवांचीच कवचं तळाच्या गाळात दिसायची. पण जास्त खोल गेलं की आधी गोगलगायीसारख्या टेरोपॉडची नाजूक कवचं गायब व्हायची. आणखी खोल गेलं की फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांचीही. शेवटी हाती यायची फक्त लाल माती.

कारण असं. हे जीव पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन कवच बांधतात. वरच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे कवच टिकतं. खोल पाणी थंड असतं, दाब प्रचंड असतो आणि कुजणाऱ्या अवशेषांमुळे कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. त्याचं पाण्यात आम्ल होतं आणि कवच विरघळतं. अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळून बघा, तसंच.

पुढे मोहिमेचे ५० खंड पूर्ण करायची जबाबदारीही मरेवर आली. १८९५ ला ते काम संपलं. ख्रिसमस बेटावरच्या फॉस्फेटच्या खाणीतून त्याने पैसाही कमावला. त्याच पैशातून, तो गेल्यावर, १९३३-३४ मध्ये आपल्या अरबी समुद्राची मोहीम झाली. तिथल्या पाण्याखालच्या एका डोंगररांगेला आज मरेचं नाव आहे.

१९१४ मध्ये मोटार उलटून मरे गेला.

तेव्हा मोटारी मोजक्या होत्या. आज एकट्या चाकण पट्ट्यात, कुरुळीच्या आसपास, गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखानेच कारखाने आहेत. जगभरच्या गाड्या आणि कारखाने जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याचा साधारण पाव भाग समुद्र पितो. म्हणजे मरेला खोलात दिसलेली रसायनाची करामत आता वरच्या पाण्यातही जोर धरतेय. तिथं कवच बांधणं अवघड होत चाललंय.

आणि कोकणातल्या तिसऱ्या, कालवं? त्यांचं घरही याच कॅल्शियम कार्बोनेटचं आहे.