दर आठवड्याला एक डेडलाइन

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदललं. आधी तो ग्रुप लोकलच्या वेळा आणि असाइनमेंटच्या तारखा विचारण्यापुरता होता. आता त्याचं नाव झालं ‘50 हजार’. उल्हासनगरची एक मैत्रीण, अंबरनाथचा एक मित्र आणि बदलापूरची मी. तिघांनी ठरवलं, 30 दिवसांत प्रत्येकी एक कादंबरी लिहायची. 50 हजार शब्द, म्हणजे रोजचे साधारण 1,667.

कल्पना आमची नाही. 1999 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ ख्रिस बेटी आणि त्याच्या मित्रमंडळींनी, एकूण 21 जणांनी, हा उद्योग पहिल्यांदा केला. पुढे त्यासाठी नोव्हेंबर महिना ठरला आणि जगभरातले हौशी लेखक त्यात उतरायला लागले. ती मोहीम चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद झाली, पण महिनाभरात कादंबरी लिहिण्याचं खूळ काही बंद पडलेलं नाही.

बाराव्या दिवशीचा आमचा स्कोअर असा होता: अंबरनाथ 21 हजार, बदलापूर 11 हजार, उल्हासनगर 4 हजार. मी लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर टाइप करायचे. डोंबिवली येईपर्यंत एक परिच्छेद व्हायचा आणि रात्री तो वाचला की डिलीट करावासा वाटायचा. उल्हासनगरवाली तर अडकलीच होती. तिला तिच्या आजीची गोष्ट लिहायची होती. फाळणीनंतर सिंधमधून लहानपणी इथे, कल्याण कॅम्पात आलेल्या आजीची. पण चार हजार शब्दांनंतर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला आजीबद्दल काहीच माहीत नाही. ग्रुपवर तिने हात जोडल्याचा इमोजी टाकला. म्हणजे, मी सोडते.

त्याच दिवशी वैतागून मी आईच्या कपाटातून तिचं एम.ए.च्या वेळचं एक जाडजूड पुस्तक काढलं. हरी नारायण आपटे यांचं ‘पण लक्षात कोण घेतो’. नाव शाळेपासून पाठ, वाचलं मात्र कधीच नव्हतं. प्रस्तावनेत कळलं, की ही एवढी मोठी कादंबरी एका साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापून आली होती. लिहिणाऱ्याचं वय सव्विशीच्या पुढे-मागे. म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मग मी कादंबरी बाजूला ठेवली आणि आधी या माणसाचं आयुष्य वाचून काढलं.

पदवी नसलेला हुशार मुलगा

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. वाढले मोठ्या एकत्र कुटुंबात, आधी मुंबईला. 1878 च्या सुमारास, चौदाव्या वर्षी, ते पुण्याला आले आणि मग पुण्याचेच झाले. बोरघाटातली रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली होती आणि मुंबईहून पुण्याला जाणारे ते रूळ तेव्हाही आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरूनच जात होते. तेव्हा उल्हासनगर नावाचं शहर मात्र नव्हतं.

1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि थोड्याच दिवसांत गोपाळ गणेश आगरकर असे शिक्षक तिथे होते. हरिभाऊ या शाळेचे विद्यार्थी. 1882 मध्ये चिपळूणकर अकाली गेले, तेव्हा या शाळकरी मुलाने त्यांच्यावर शोककाव्य लिहिलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर केलं, ‘विकारविलसित’ नावाने. हरिभाऊंनी त्यावर लांबलचक परीक्षण लिहिलं आणि त्यातल्या चुका दाखवल्या. आपल्याच सरांच्या पुस्तकाचं असं परीक्षण आज कुणी लिहील का, विचार करा. इंटर्नल मार्कांची भीती कोणाला नसते?

पुढे डेक्कन कॉलेज, मग फर्ग्युसन. पण गणिताने घात केला. इंग्रजी आणि संस्कृत वाचन भरपूर, पण गणितात गती नाही, आणि त्या काळी गणित टाळून पुढे जाता येत नव्हतं. पदवी काही मिळाली नाही. गंमत म्हणजे 1915 मध्ये याच माणसाला मुंबई विद्यापीठाने मराठी भाषेवरची विल्सन फायलॉलॉजिकल व्याख्यानं द्यायला बोलावलं. जे विद्यापीठ पदवी देऊ शकलं नाही, तिथेच ते मानाने वक्ते म्हणून गेले. बॅकलॉग असलेल्या मंडळींनी हा परिच्छेद घरी दाखवायला हरकत नाही.

वाट बघणारे वाचक

पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ 1885 मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून हप्त्याहप्त्याने आली. हरिभाऊ तेव्हा 21 वर्षांचे. रेनॉल्ड्स या इंग्रजी कादंबरीकाराची छाप तिच्यावर होती, पण माणसं पुण्यातली होती. त्याआधी मराठीत कादंबरी म्हणजे बहुतेक राजपुत्र, जादू, योगायोग आणि शेवटी लग्न. हरिभाऊंनी वाड्यातलं स्वयंपाकघर, माजघर, सासू-सुना, नोकरी शोधणारी मुलं हे सगळं कादंबरीत आणलं.

1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं. नावाप्रमाणे करमणूक करायची, पण जाता जाता काही शिकवायचंही, असा त्याचा बाज. घरातल्या बायकामुलांनीही वाचावं असा अंक. त्यात गोष्टी असत, चरित्रं असत, शास्त्राची माहिती असे आणि हरिभाऊंची चालू कादंबरी असे. हे साप्ताहिक त्यांनी पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालवलं.

आता आमच्या चॅलेंजशी तुलना करा. आम्हाला 30 दिवस. हरिभाऊंना दर आठवड्याला हप्ता, आणि तोही वर्षानुवर्षं. आमचा मजकूर आवडला नाही तर डिलीट करता येतो. त्यांचं मागचं प्रकरण छापून घरोघर पोचलेलं असायचं. नायिकेच्या बाबतीत तिसऱ्या प्रकरणात काही चुकलं, असं तिसाव्या प्रकरणात वाटलं, तरी मागे जाऊन दुरुस्त करायची सोय नाही. पुढेच जायचं. शिवाय फक्त लेखन एवढंच काम नव्हतं. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे यांनी जुने संस्कृत ग्रंथ जपण्यासाठी आणि छापण्यासाठी पुण्यात 1888 मध्ये आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली होती. तिचा कारभार हरिभाऊ बघत. प्लेगच्या दिवसांत ते लोकांच्या मदतीला उभे राहिले, पुढे पुणे नगरपालिकेच्या कामातही होते. म्हणजे वेळ नाही ही आमची तक्रार त्यांच्यापुढे टिकत नाही.

हप्त्यांनी लिहिण्याचे तोटेही त्यांच्या कादंबऱ्यांत दिसतात. पाल्हाळ आहे, मधेच लेखक वाचकाला बाजूला घेऊन उपदेश करतो, गोष्ट रेंगाळते. समीक्षकांनी हे सांगितलंय आणि वाचताना आपल्यालाही जाणवतं. पण पुढच्या अंकाची वाट बघणारं कुणीतरी आहे, हे ठाऊक असल्याशिवाय इतकं लिहून झालं असतं का? मला नाही वाटत.

यमूचा आवाज कुठून आला?

‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 ते 1893 या काळात ‘करमणूक’मध्ये आली. गोष्ट यमूची आहे आणि ती यमूच सांगते. लहानपण, खेळ, भाऊ, लहान वयातलं लग्न, सासर, समंजस नवरा रघुनाथ, मुंबईतलं थोडं मोकळं जगणं. आणि मग नवऱ्याचा मृत्यू, वैधव्य, तिच्या मनाविरुद्ध झालेलं केशवपन. ही कादंबरी चालू असतानाच, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय 10 वरून 12 वर्षं करण्यावरून पुणं पेटलं होतं. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. म्हणजे हरिभाऊंचे दोन शिक्षक समोरासमोर. सभा आणि अग्रलेखांतून पुरुष मुलींबद्दल भांडत होते. हरिभाऊंनी काय केलं, तर त्या मुलीलाच बोलू दिलं.

पण एका पुरुषाला हे कसं जमलं? इथे त्यांच्या मित्रमंडळींचा भाग येतो. गोविंद वासुदेव कानिटकर आणि त्यांच्या पत्नी काशीबाई हे हरिभाऊंचे जवळचे स्नेही. काशीबाईंचा जन्म 1861 चा. लग्न नवव्या वर्षी झालं, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती, म्हणून घरच्यांची बोलणी खात, लपूनछपून त्या शिकल्या आणि पुढे डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिण्यापर्यंत पोचल्या. हरिभाऊ आणि कानिटकर यांच्यात लिहिलेलं वाचून दाखवणं, त्यावर बोलणं, पत्रं लिहिणं हे सतत चालायचं. बायका आपापसात काय बोलतात, सासरी पहिल्या दिवशी मुलीला काय वाटतं, हे सांगणारं माणूस समोर होतं आणि हरिभाऊ ते ऐकून घेत होते.

काशीबाई स्वतःही कादंबरी लिहीत होत्या. त्यांची ‘रंगराव’ 1886 मध्ये मासिकातून यायला लागली आणि पुस्तक म्हणून पूर्ण झाली 1903 मध्ये. सतरा वर्षं! त्याच काळात हरिभाऊंच्या कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या आल्या. तरी काशीबाईंनी ती सोडली नाही. मराठीत कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या लेखिकांमध्ये आज त्यांचं नाव घेतलं जातं ते त्यामुळेच. हरिभाऊ गेल्यावर त्यांचं पत्ररूप चरित्र लिहिलं तेही काशीबाईंनीच.

राहून गेलेल्या कादंबऱ्या

हरिभाऊंच्या नावावर सामाजिक आणि ऐतिहासिक मिळून वीसेक कादंबऱ्या आहेत. ‘मी’, ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, विजयनगरच्या अखेरीवरची ‘वज्राघात’. 1912 मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या यादीत मला सगळ्यात धीर कशाने दिला असेल, तर अपुऱ्या राहिलेल्या नावांनी. ‘गणपतराव’ अपूर्ण. ‘सूर्यग्रहण’ अपूर्ण. ‘कर्मयोग’ अपूर्ण. आधुनिक मराठी कादंबरीचा जनक म्हणतात त्या माणसाच्याही गोष्टी मधेच थांबल्या. तरी त्यांनी पुढची सुरू करायचं टाळलं नाही.

लेखकाने इतर लेखकांसाठी काय करावं, तेही त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. केशवसुतांच्या कविता त्यांनी ‘करमणूक’मध्ये छापल्या. केशवसुत 1905 मध्ये गेले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. तो 1917 मध्ये काढला हरिभाऊंनी. शाळेत आपण केशवसुत शिकतो, त्यामागे कविता जपून ठेवणारा हा कादंबरीकार उभा आहे. 3 मार्च 1919 रोजी पुण्यात हरिभाऊ गेले. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

हे सगळं मी ग्रुपवर पाठवलं. एवढा मोठा मेसेज बघून अंबरनाथवाल्याने हे शब्द मोजणीत धरणार का, असं विचारलं. उल्हासनगरवालीने रात्री उशिरापर्यंत काहीच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, की ती आजीजवळ बसली होती. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून, सिंधीतून एकेक विचारत. घर कसं होतं, आगगाडीत बरोबर काय घेतलं होतं, कॅम्पात पहिल्या रात्री झोप लागली का. आजीला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. एक-दोन प्रश्नांना तिने उत्तर दिलं नाही, तेही तिने वहीत लिहून ठेवलंय.

30 नोव्हेंबरच्या रात्रीचा स्कोअर: अंबरनाथ 50 हजार 212, बदलापूर 31 हजार, उल्हासनगर 13 हजार. चॅलेंजच्या नियमाने एकच जण जिंकला आणि वडापावची पार्टी त्यानेच दिली. तिन्हींतली मला पुढे वाचायची आहे ती मात्र 13 हजारवाली.

आता ग्रुपचं नाव पुन्हा बदललंय, ‘हप्ता’. दर रविवारी अंबरनाथला भेटायचं आणि प्रत्येकाने आळीपाळीने एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, असं ठरलंय. बाकीचे दोघे ऐकणार आणि खरं काय ते सांगणार. येत्या रविवारी पाळी माझी आहे. प्रकरण अजून लिहून व्हायचंय.