रँग्लर रघुनाथराव परांजपे : गणितोपासकाचे कृतार्थ जीवन

ज्ञातीच्या स्मरणिकेत थोर पूर्वजांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. यंदा आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांना स्वतःला जातिभेद मान्य नव्हता, हे प्रारंभीच सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. थोर पुरुषाचा अभिमान बाळगावयाचा तर त्याच्या मतांसह बाळगावा. सोयीचे तेवढे उचलू नये.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोली तालुक्यात आंजर्ल्यानजीकच्या मुर्डी या लहानशा खेड्यात झाला. उच्च शिक्षणास मुंबई-पुण्याखेरीज गत्यंतर नव्हते. या मुलाची बुद्धी प्रथम हेरली ती शेजारच्या मुरुड गावचे त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे यांनी. पुढे महर्षी म्हणून विख्यात झालेले अण्णासाहेब हे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी रघुनाथास मुंबईस आपल्याजवळ ठेवून घेतले. मराठा हायस्कूल व त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले. १८९६ साली हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेस ट्रायपॉस म्हणत. तीत पहिल्या वर्गात येणाऱ्यांस रँग्लर ही पदवी असे, आणि त्यांची नावे गुणानुक्रमे जाहीर होत. सर्वांत वरचा तो सीनियर रँग्लर. १८७४ साली आनंदमोहन बोस हे पहिले हिंदी रँग्लर झाले होते; पण अग्रस्थान मात्र कोणाही हिंदी विद्यार्थ्यास लाभले नव्हते. १८९९ साली ते रघुनाथरावांनी मिळविले. पेंब्रोक कॉलेजचे बर्टविसल हे त्यांच्याबरोबरीने त्या स्थानाचे मानकरी होते. दुष्काळ व प्लेग यांनी गांजलेल्या महाराष्ट्रास या वार्तेने केवढा धीर आला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. हिंदी माणसास कठोर बौद्धिक श्रम झेपत नाहीत, या समजास त्यापरते चोख उत्तर दुसरे नव्हते. तेव्हापासून रँग्लर हा शब्द त्यांच्या नावास जो चिकटला, तो आजतागायत.

पुढील प्रसंग आम्हांस त्या यशाहूनही मोठा वाटतो. १९०१ साली सेंट जॉन्स कॉलेजाने त्यांना फेलो निवडले. मानाचे व सुखाचे आयुष्य समोर उभे होते. असे असता ते पुण्यास परतले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद या नात्याने शंभराच्या आतल्या मासिक वेतनावर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले, आणि १९०२ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याच कॉलेजाचे प्राचार्य झाले. सुमारे दोन दशके त्यांनी ती धुरा वाहिली. संशोधक गणिती म्हणून त्यांचे नाव घेतले जात नाही, हे खरे. परंतु कोणी स्वतः शोध लावतो, तर कोणी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवितो. रघुनाथरावांनी दुसरा मार्ग पत्करला.

१९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू रघुनाथरावच झाले. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असताना सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा १९२३ सालचा कायदा त्यांच्या कारकीर्दीत झाला. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे आणि १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. मध्यंतरी १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनरही होते. श्रद्धेपेक्षा पुराव्यास मान देणारे ते विवेकवादी होते. सिद्धता मिळेपर्यंत विधान मान्य करावयाचे नाही, ही गणिताची शिस्त त्यांनी धर्म व समाज यांसही लावली. ती सर्वांस रुचली नाही, आणि तिची त्यांनी पर्वाही केली नाही. ६ मे १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनीही केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात गणिताचाच अभ्यास करून १९२९ साली तो पुरा केला. त्या काळी केंब्रिज स्त्रियांस पूर्ण पदवी देत नसे. ती १९४८ पासून देऊ लागले. मुलींच्या शिक्षणावर व्याख्याने देणारे पुष्कळ असतात. आपल्या मुलीस गणितासारख्या विषयासाठी सातासमुद्रापार पाठविणारे थोडे.

हे सर्व आज सांगण्याचे कारण आहे. हल्ली आमच्याकडे पालक विचारणा करतात, की मुलास डेटा सायन्स शिकवावयाचे आहे, तर कोणता लहानसा अभ्यासक्रम बरा? आमचे उत्तर एकच असते. या नव्या विद्येचा पाया जुनाच आहे : कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग १९५३ पासून चालू आहे. दाराशी गंगा असता तहानलेले राहू नये. यंत्र आकडेमोड करील, पण उत्तर बरोबर का, हे विचारणारी बुद्धी विद्यापीठातील तीन-चार वर्षांच्या कष्टांनीच येते. त्यास आडवाट नाही.

आपल्या शिष्यवृत्ती निधीबाबतही एक नम्र सूचना करतो. त्यातील काही भाग गणित व संख्याशास्त्र शिकणाऱ्यांसाठी राखावा, मुलींस त्यात बरोबरीचा वाटा असावा, आणि गरजू विद्यार्थ्याची जात विचारू नये. ही सूचना काही सभासदांस ज्ञातिसंस्थेच्या हेतूशी विसंगत वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु रघुनाथरावांचे छायाचित्र सभागृहात लावावयाचे आणि त्यांचे मत दाराबाहेर ठेवावयाचे, हे आम्हांस उचित वाटत नाही. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी याचा विचार करावा, एवढीच विनंती.